चाकाच्या पोटातलं पाणी : प्रस्तावना

मोटरसायकलविषयी मराठीत जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात इंजिनाचं कौतुक असतं, ॲव्हरेजचा हिशेब असतो, फार तर चेन किती सैल ठेवावी यावर वाद असतो. चाकातल्या बेअरिंगची आठवण होते ती ते गेल्यावर. ही पुस्तिका ते जाण्याआधीच्या काळाबद्दल आहे. नव्या गाड्यांसाठी ती लिहिलेली नाही. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या, दोन-तीन मालकांच्या हाताखालून गेलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. इथला पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला, पण यांच्यातल्या कितीतरी गाड्यांच्या पाटीवर अजून जुन्या ठाण्याचं ०४ आहे.

चारोटी म्हटलं की मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून जाणाऱ्याला टोलनाका आणि महालक्ष्मीचा डोंगर आठवतो. इथल्या माणसासाठी ती चौफुली आहे. पश्चिमेला डहाणू आणि समुद्र, पूर्वेला कासा आणि पुढे जव्हारचा चढ, उत्तरेला तलासरी, दक्षिणेला मनोर. एकाच गाडीला एका दिवसात खारा वारा, महामार्गाचा वेग, घाटाचा उतार आणि पाड्यावर जाणारी चिखलाची वाट, असं सगळं भेटू शकतं. वर जून ते सप्टेंबर पाऊस. बेअरिंगच्या परीक्षेला याहून कडक जागा शोधायची तर लांब जावं लागेल. म्हणून या विषयाची ओळख चारोटीच्या नाक्यावर उभं राहून करून द्यायची.

आधी त्या वस्तूची ओळख. पुढच्या चाकाच्या हबमध्ये दोन बेअरिंगं असतात, मागच्या हबमध्ये दोन, आणि बहुतेक गाड्यांना मागच्या स्प्रॉकेटच्या ड्रममध्ये आणखी एक. प्रत्येकाला बाहेरची रेस, आतली रेस, मध्ये पोलादी छरे आणि छऱ्यांना अंतरावर ठेवणारा केज. बाहेरची रेस हबमध्ये घट्ट बसलेली असते आणि चाकाबरोबर फिरते. आतली रेस एक्सलवर आवळलेली, स्थिर. दोन्ही आतल्या रेसच्या मध्ये पाइपासारखा एक स्पेसर असतो. त्याच्याकडे पुढे वळायचं आहे, कारण गॅरेजात सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात.

गणिताने पाहिलं तर चाकातलं बेअरिंग गाडीच्या आयुष्यात जायलाच नको. लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन या दोन स्वीडिश संशोधकांनी १९४७ साली बेअरिंगच्या आयुष्याचं सूत्र मांडलं. थोड्याफार सुधारणांसह तेच आजही वापरात आहे. छऱ्यांच्या बेअरिंगपुरता त्याचा गाभा असा की भार दुप्पट झाला की आयुष्य एक अष्टमांश होतं, आणि भार निम्मा झाला की आठपट. आता ६३०१ नंबरचं बेअरिंग घ्या, आपल्याकडच्या लहान गाड्यांत हे सर्रास सापडतं. त्याची भारक्षमता दहा किलोन्यूटनच्या घरात, म्हणजे ढोबळमानाने एक टन. एका चाकावर शंभर किलो धरले तर प्रत्येक बेअरिंगच्या वाट्याला पन्नास किलो येतात, क्षमतेचा विसावा भाग. वीसचा घन आठ हजार; सूत्राप्रमाणे आठ हजार दशलक्ष, म्हणजे आठशे कोटी फेरे. चाकाचा घेर १.८ मीटर धरला तर हे अंतर एक कोटी चाळीस लाख किलोमीटरच्या पुढे जातं! खड्ड्यांचे धक्के, मागे बसलेली दोन माणसं, कॅरिअरला बांधलेलं तांदळाचं पोतं, असं सगळं धरून भार तिप्पट करा. मग सत्तावीसने भागायचं. तरीही पाच लाख किलोमीटर उरतात, आणि ही मजल शंभरातल्या नव्वद बेअरिंगांनी गाठावी असं सूत्र सांगतं.

शंभर सीसीची गाडी जन्मभरात लाख-दीड लाख किलोमीटर चालली तरी तिने पांग फेडले म्हणायचे. मग तीच बेअरिंगं दोन-तीन पावसाळ्यांत घरघरायला का लागतात? मालक सांगतो, गाडी जुनी झाली. मिस्त्री सांगतो, रस्ता खराब आहे. दोघांचंही थोडं खरं असलं तरी मूळ कारण वेगळं आहे. त्या सूत्रात एक अट गृहीत धरलेली असते: वंगण स्वच्छ असावं, आत पाणी आणि माती नसावी. छरा आणि रेस यांच्यामध्ये ग्रीसमधल्या तेलाचा जो पापुद्रा असतो त्याची जाडी मायक्रॉनच्याही अंशात मोजावी लागते. त्याच्यापुढे वाळूचा बारीकातला बारीक कण म्हणजे धोंडा. पाण्याचा थेंब तर पापुद्राच फोडतो आणि पोलादाला गंज चढवतो. गंजाचा खड्डा पडला की प्रत्येक फेऱ्याला छरा त्याच्यावर आपटतो, कडा तुटतात, तो चुरा पुन्हा ग्रीसमध्ये जातो. गेलेलं बेअरिंग उघडून पाहिलं तर ग्रीस बहुधा काळं नसतं. दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं असतं. तो रंग दिसला की समजायचं, गाडी वजनाने दमलेली नाही, पाणी प्यायली आहे.

पाणी आत जातं कसं, हा या पुस्तिकेचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि तो सावकाश वाचावा. पावसात गाडी चालवली म्हणून लगेच पाणी आत जात नाही. बेअरिंगच्या बाहेर बसवलेल्या चांगल्या रबरी सीलला वरून पडणारं पाणी सहज थोपवता येतं. घात होतो तो गरम हब अचानक गार झाल्यावर. जव्हार समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून उंचावर आहे. तिथून कासा-चारोटीकडे उतरताना, तेही मागे माणूस आणि सामान असताना, मागचा ब्रेक बराच वेळ दाबलेला राहतो. जुन्या गाड्यांना ड्रम ब्रेक. ड्रम आणि हब एकाच ओतकामातला तुकडा. ब्रेकची धग थेट बेअरिंगच्या घरात पोहोचते. आतली हवा तापून फुगते आणि थोडी सीलच्या कडेने बाहेर निसटते. उतार संपतो, ओढ्यावरची फरशी लागते, तिच्यावरून पाणी चाललेलं असतं. चाक हबपर्यंत पाण्यात गेलं की हब काही क्षणांत गार पडतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाखालून पाणी आत ओढून घेते. बाहेरून कुणी ढकलत नाही, हबच ते शोषतो. चालवणाऱ्याला यातलं काहीही कळत नाही. गाडी पलीकडे जाते, ब्रेक दोन-तीनदा दाबून सुकवला जातो आणि विषय संपतो. हबमधलं ते चमचाभर पाणी मात्र दिवाळीपर्यंत तिथेच असतं.

उपाय साधा आहे. उतार संपल्यावर पाण्यात घालण्याआधी गाडी थोडा वेळ उभी करावी; हबला हात लावून चटका बसत नाही इतका तो निवू द्यावा. आणि फरशीवरून जोराचं पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नये. हे बेअरिंगसाठी सांगत नाही, दरवर्षी माणसं वाहून जातात म्हणून सांगतो.

दुसरा शत्रू वॉशिंग सेंटरमध्ये असतो. चिखलाने माखलेली गाडी रॅम्पवर चढते आणि धुणारा पोरगा प्रेशरची धार नेमकी हबवर, स्प्रॉकेटवर, एक्सलच्या टोकावर धरतो, कारण चिखल तिथेच साचलेला असतो. सीलचा ओठ बाहेरून येणाऱ्या शिंतोड्यांसाठी केलेला असतो, जवळून मारलेल्या धारेसाठी नाही. गाडी चकचकीत होऊन खाली उतरते आणि चाकात पाणी घेऊन घरी जाते. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. बादली, फडकं आणि जुना ब्रश घेऊन हब हाताने धुवावा हे बरं.

तिसरा समुद्र. चिंचणी, नरपड, बोर्डीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत गाडी पळवण्याची हौस पुष्कळांना असते. फोटो चांगले येतात हे मान्य. पण मीठ पोलादाचा गंज अनेक पटींनी वाढवतं आणि वाळू सीलचा ओठ कानशीसारखी घासते. किनाऱ्यावर नेलेली गाडी त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने, हलक्या हाताने धुतली नाही तर हौसेचा हिशेब पुढच्या वर्षी चुकवावा लागतो.

चौथं कारण ऐकून मालक चकित होतात: गाडी न चालवणं. पावसाळ्यात काही गाड्या पडवीत उभ्या राहतात. आत शिरलेलं पाणी खाली उतरतं आणि तळच्या छऱ्यांशी साचतं. छरे हलत नाहीत, पापुद्रा नवा होत नाही, छऱ्यांच्या जागी रेसवर गंजाचे ठिपके उठतात, अगदी समान अंतरावर. गणपतीनंतर गाडी बाहेर काढली की चाक हाताने फिरवताना बारीक खटके लागतात. उभ्या गाडीचं चाक आठवड्यातून एकदा जरी फिरवलं तरी हे टळतं.

इथे थोडं मागे जाऊ. चाकात गोळ्या घालण्याची कल्पना जुनी आहे. वेल्समधल्या फिलिप व्हॉन याने १७९४ साली गाडीच्या आसासाठी छऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने १८६९ साली सायकलसाठी पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस-रूआँ शर्यत जेम्स मूर या इंग्रजाने छऱ्यांचं बेअरिंग बसवलेल्या सायकलवर जिंकली. पुढे १९०७ साली स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात एसकेएफ कंपनी उभी राहिली, तिचा कारखाना आज आपल्या चिंचवडला आहे. या सगळ्या प्रगतीत एक सवय मात्र मोडली. बैलगाडीचा मालक आसाला वंगण स्वतः घालायचा, चाक कुरकुरलं की गाडी तिथेच थांबायची. बंद सीलच्या बेअरिंगने ही जबाबदारी माणसाच्या हातातून काढून घेतली. ‘मेंटेनन्स फ्री’ हे शब्द कागदावर छापले गेले आणि आपण ते शब्दशः घेतले. बंद बेअरिंगला ग्रीस घालावं लागत नाही हे खरं. त्याच्या बाहेर असलेल्या सीलकडे पाहावं लागत नाही, असं कुणीच म्हटलेलं नव्हतं.

म्हणून सील. रबराचं हे कडं किमतीत बेअरिंगहूनही स्वस्त, आणि गाडी वाचवायची तर पहिला खर्च त्यावर करावा. चाक कुठल्याही कारणाने उतरलं, अगदी पंक्चरसाठी उतरलं, तरी सील पाहून घ्यावं. ओठ कडक झालाय का, चिरलाय का, स्प्रिंग असेल तर जागेवर आहे का. त्याहून महत्त्वाची गोष्ट, जी चांगले मिस्त्रीही विसरतात: सीलचा ओठ ज्या कॉलरवर घासतो ती कॉलर. तिच्यावरून नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर नवं सील टाकूनही उपयोग नाही, कारण पाणी त्या खाचेतून आत जाणार. कॉलर बदला, मग सील. बसवताना ओठावर बोटाने ग्रीस लावा; कोरडा ओठ पहिल्या काही किलोमीटरांतच जळतो. जुन्या बुलेटच्या चाकात रबराऐवजी नमद्याच्या चकत्या असत. त्या तेलात भिजवून बसवायच्या असतात, हे ज्यांच्याकडे त्या गाड्या आहेत त्यांनी लक्षात ठेवावं.

पुष्कळ जुन्या गाड्यांत कारखान्यातून आलेलं बेअरिंग एका किंवा दोन्ही बाजूंनी उघडं असे. बदलताना त्याच नंबरचं दोन्ही बाजूंना रबर असलेलं, म्हणजे नंबरापुढे ‘टू आरएस’ लिहिलेलं घ्यावं. पत्र्याचं झाकण असलेलं ‘झेडझेड’ धूळ अडवतं, पाणी अडवत नाही. आपल्या पावसाला ते पुरं पडत नाही. मात्र बेअरिंगलाच रबर आहे म्हणून बाहेरचं सील काढून टाकणारेही आहेत. त्यांनी तसं करू नये. एक दार असताना दुसरं काढायचं कारण काय?

नंबर वाचायला शिकणं अवघड नाही. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचे: ०१ म्हणजे १२ मिलिमीटर, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचने गुणायचं. ६३०१ हे १२ मिलिमीटर भोकाचं, ३७ बाहेरच्या व्यासाचं, १२ जाडीचं. ६२०१ चं भोक तेच, पण बाहेरचा व्यास ३२. दुकानदाराने एकाऐवजी दुसरं दिलं तर बसणारच नाही, तेव्हा तिथे फसवणूक होत नाही. फसवणूक होते ती नामांकित कंपनीच्या खोक्यात बनावट माल येतो तेव्हा. अंकांचं कोरीवकाम पुसट असेल, खोक्यावरची छपाई फिकी असेल, भाव बाजाराच्या निम्मा असेल तर ते बेअरिंग परत करावं.

आता बसवण्याकडे. माझ्या मते पाण्यानंतर सर्वांत जास्त बेअरिंगं हातोड्याने मरतात, आणि तीही बसवण्याच्या दिवशीच. आतल्या रेसवर छिन्नी ठेवून ठोकलं की तो मार छऱ्यांमधून बाहेरच्या रेसला पोहोचतो आणि दोन्हींवर डोळ्यांना न दिसणारे ठसे उमटतात. चाक त्या दिवशी गुळगुळीत फिरतं, महिन्याभराने गुणगुणायला लागतं. ठोकायचंच तर फक्त बाहेरच्या रेसवर, तिच्या मापाचा सॉकेट किंवा जुनं बेअरिंग ठेवून, सरळ. त्याहून बरी युक्ती उष्णतेची. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हब उकळत्या पाण्याच्या तापमानापर्यंत गरम केला आणि बेअरिंग पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं, तर ते अनेकदा हाताच्या दाबाने आत सरकतं. गॅस वेल्डिंगची ज्योत हबवर कुणी धरू नये. उकळतं पाणी ओतलं किंवा हॉट एअर गन वापरली तरी काम होतं. बेअरिंग बसवण्याआधी हब पूर्ण कोरडा मात्र हवा, नाहीतर आपणच आत पाणी ठेवायचो.

आणि स्पेसर. एका बाजूचं बेअरिंग खांद्याला टेकेपर्यंत बसवायचं, स्पेसर आत टाकायचा, मग दुसरं बेअरिंग स्पेसरला नुसतं टेकेपर्यंत. दुसरंही जोर लावून खांद्याला टेकवलं तर आतल्या रेस आडव्या ताणल्या जातात. स्पेसर विसरला, किंवा घासून आखूड झाला, तर त्याहून वाईट: एक्सलचा नट आवळला की दोन्ही आतल्या रेस एकमेकांकडे खेचल्या जातात आणि छऱ्यांवर आडवा भार पडतो, जो इतक्या प्रमाणात सोसण्यासाठी हे बेअरिंग केलेलं नाही. नट आवळल्यावर चाक जड फिरू लागलं आणि नट सैल केल्यावर हलकं झालं, तर बेअरिंगला नावं ठेवण्याआधी स्पेसर बघा.

ग्रीसविषयी दोनच शब्द. गॅरेजात एपी-थ्री म्हणून मिळणारं लिथियम ग्रीस चालतं. दोन वेगळ्या जातींची ग्रीसं मिसळू नयेत, पुष्कळदा ती पातळ होऊन वाहून जातात. उघड्या बेअरिंगमध्ये ग्रीस छऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेच्या निम्म्यापर्यंत. ठासून भरलं की ते घुसळलं जातं आणि तापतं.

हबमधली जागाच सैल झाली तर काय, हा प्रश्न जुन्या गाडीवाल्यांना चुकत नाही. गेलेलं बेअरिंग तसंच चालवलं की बाहेरची रेस हबमध्ये फिरायला लागते आणि ॲल्युमिनियम खाते. मग गॅरेजात हबला आतून पंच मारतात किंवा पत्र्याची पट्टी घालतात. हे थुकपट्टीचं काम आहे, ते पुढच्या खड्ड्यापर्यंत टिकतं. जागा किंचितच सैल असेल तर बेअरिंग पकडणारं चिकट रसायन मिळतं, ते वापरावं. जास्त सैल असेल तर लेथवर हब बोअर करून बुश बसवावा. तेही जमणार नसेल तर हब बदलावा. महामार्गावर कंटेनरच्या शेजारून जाणाऱ्या गाडीच्या चाकात पत्र्याची पट्टी असू नये, याबद्दल मला काडीचीही शंका नाही.

पुढच्या पानांत हे सगळं चित्रांसह येईल. चाक कसं उतरवायचं, बेअरिंग कसं काढायचं, खेळ चाकात आहे की स्विंग आर्मच्या बुशात, हे कसं ओळखायचं. तोवर एवढं तरी करा. मृग लागायच्या आधी, मेच्या अखेरीस, गाडी मेन स्टँडला लावा. टायर वर-खाली धरून आडवा हलवा. चाक फिरवून दुसरा हात चिमट्यावर ठेवा आणि खरखर लागते का पाहा. चाक उतरलंच असेल तर आतल्या रेसमध्ये बोट घालून फिरवा. खटका लागला तर बेअरिंग बदला, गुळगुळीत असेल तर राहू द्या. सील मात्र दोन्ही वेळेस नवंच टाका.